नावाविना स्मारक



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. ह्या दिवसांत घराघरांतून दिवंगतांच्या नावांच्या याद्या चर्चमध्ये येतात. काही याद्यांत तीन-तीन पिढ्या असतात. ह्या नावांचा मृतांना काय उपयोग, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. इसवी सन ४२१च्या सुमारास नोला येथील बिशप पॉलिनस ह्यांनी असाच प्रश्न संत ऑगस्टीन ह्यांना विचारला होता: संताच्या समाधीशेजारी पुरल्याने मृताला काही लाभ होतो का? ऑगस्टीन ह्यांचे उत्तर सडेतोड आहे. अंत्यविधीचा थाट, कबरीची जागा हे सारे मृतांच्या मदतीपेक्षा जिवंतांच्या सांत्वनासाठी असते. स्मारकाचे काम आठवण करून देणे. आठवण झाली तर माणूस प्रार्थना करील आणि लाभ होईल तो त्या प्रार्थनेचा.

हे पटते. पण मग आठवण कोणाची करून द्यायची? मेलेल्याची, की त्याला मरायला पाठवणाऱ्याची? युद्धस्मारकांपुढे हा प्रश्न टाळता येत नाही. त्यासाठी आपल्याच देशाच्या सैनिकांचे, पण परक्या भूमीवरचे एक स्मारक पाहू.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहरालगत पॅचम हे गाव होते. १९२८ साली ते शहरात सामील होऊन उपनगर झाले. त्याच्या वरच्या टेकडीवर पांढऱ्या संगमरवराची, आठ खांबांची छत्री उभी आहे. तिचे नावही ‘छत्री’च. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले भारतीय शिपाई ब्रायटनच्या इस्पितळांत आणले जात. महिना ११ रुपये पगाराची ही माणसे. त्यांतील जे हिंदू व शीख दगावले, अशा ५३ जणांना ह्या टेकडीवर अग्नी देण्यात आला. मुसलमान सैनिकांचे दफन वोकिंग येथे झाले.

शहराने त्यांची सेवा केली, हे मान्यच करायला हवे. राजवाड्याचे इस्पितळ केले, हिंदू व मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे ठेवले, स्वयंपाकघरे वेगळी ठेवली. मात्र ह्या सेवेची इंग्रजी, गुरुमुखी व उर्दू भाषांत पुस्तिकाही छापली गेली, कारण भारतात नवी भरती हवी होती. शिवाय त्याच शहरातील किचनर इस्पितळाच्या भिंतींवर काटेरी तारा होत्या, रुग्णांना व भारतीय कर्मचाऱ्यांना मोकळेपणी बाहेर पडता येत नसे. तेथील गोडबोले नावाच्या एका सहायक डॉक्टराने ह्या कोंडीला संतापून १९१५ साली प्रमुख अधिकारी कर्नल सेटन ह्यांना गोळी घालण्याचा प्रयत्न केला आणि तुरुंगवास ओढवून घेतला. त्याच्या कृत्याचे समर्थन मी करणार नाही. पण छत्रीचा इतिहास सांगताना त्याला वगळणेही बरे नाही.

हेतू असा मिसळलेला असला की सत्कृत्य खोटे ठरते का? मला तसे वाटत नाही. तहानलेल्याला दिलेले पाणी, देणाऱ्याच्या मनात हिशेब असला तरी, पाणीच असते. हिशेबाचा जाब देणाऱ्याला द्यावा लागेल, एवढेच.

छत्रीची कल्पना १९१५ साली लेफ्टनंट दास गुप्ता ह्या भारतीय डॉक्टरांनी मांडली आणि महापौर जॉन ऑटर ह्यांनी ती उचलून धरली. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेनरिक्स ह्या तरुण वास्तुकाराचा. (आडनाव आपल्याला परके वाटणार नाही!) १ फेब्रुवारी १९२१ रोजी युवराज एडवर्ड ह्यांच्या हस्ते अनावरण झाले. लेखात राजा-सम्राटासाठी प्राण दिलेल्या सर्व भारतीय सैनिकांचा उल्लेख आहे. सम्राट आहे, सैनिकाचे नाव मात्र एकही नाही.

हे एका टेकडीपुरते नव्हते. युद्धात पडलेल्या प्रत्येकाचे नाव, हुद्दा न पाहता, कोरायचे हे ब्रिटिश युद्धकबर आयोगाचे तत्त्व होते. तरीही बसरा येथील स्मारकावर साध्या भारतीय शिपायांची फक्त संख्या कोरली गेली. आशिया-आफ्रिकेतील सैनिकांना असे असमान वागवल्याबद्दल आयोगाने २०२१ साली माफी मागितली. संख्येला आई नसते, गाव नसते. मला ह्यात अपमानापेक्षा सोय जास्त दिसते, आणि सोयीने केलेला अन्याय करणाऱ्याला बोचतही नाही.

छत्रीचे पुढे काय झाले? दुसऱ्या महायुद्धात त्या परिसरात सैनिकांचा सराव चाले. संगमरवरावर गोळ्यांच्या खुणा उमटल्या. युद्धानंतर डागडुजी झाली. १९५१पासून ब्रिटिश लीजन ही माजी सैनिकांची संघटना दरवर्षी तेथे जाऊ लागली. सदस्य म्हातारे झाले, १९९९ साली ती वारी थांबली. मग २०००पासून शहरातील भारतीय वंशाच्या रहिवाशांनी पुढाकार घेतला. २०१० साली, म्हणजे अनावरणानंतर ८९ वर्षांनी, छत्रीजवळ एक नवा शिलालेख बसवला गेला. त्यावर ५३ नावे आहेत.

ह्या ५३ जणांपैकी कोणाचा मुलगा वा नातू तेथे दर वर्षी येत असेल असे नाही. छत्रीपर्यंत गाडीरस्ताही नाही. तरी जूनमधल्या एका रविवारी शीख, हिंदू, इंग्रज, वर्दीतले आणि साध्या कपड्यातले, पायवाटेने टेकडी चढून वर येतात आणि आपले कोणीच नसलेल्या माणसांसाठी फुलांची चक्रे ठेवतात.