इच्छा मुलाची की पडद्याची?

आज अनेक घरांत जेवणाच्या वेळी मुलासमोर मोबाईल ठेवला जातो. पडद्यावर दुसरे एखादे मूल नव्या खेळण्याचा खोका उघडत असते. वेष्टन फाटते, आत काय आहे याची उत्सुकता ताणली जाते, आनंदाचा चीत्कार होतो आणि लगेच दुसरा खोका समोर येतो. आपले मूल मुकाट्याने घास गिळते, म्हणून आपणही निश्चिंत होतो. पण त्या वेळी त्याचे मन काय करत असते, याचा विचार आपण करतो का?

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, ६२ आणि ६३ व्या श्लोकांत, भगवंतांनी मनाच्या घसरणीच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. विषयाच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध आणि पुढे बुद्धिनाश. यातील पहिली पायरी नीट पाहा. वस्तू हाती येण्याच्या कितीतरी आधी, तिच्या ध्यानातच सारे सुरू झालेले असते. आपण साधनेला बसलो की मन दहा मिनिटेही स्थिर राहत नाही. ते मूल मात्र अर्धा तास एकाग्र चित्ताने खोक्याचे ध्यान करते. मग ते दुकानात जमिनीवर लोळून रडले, तर दोष एकट्या त्याच्या हट्टी स्वभावाचा का?

या ध्यानामागे मोठा बाजार उभा आहे. अमेरिकेतील एका लहान मुलाचे खेळण्यांचे यूट्यूब चॅनेल २०१५ मध्ये सुरू झाले. २०१८ मध्ये ‘फोर्ब्स’ने त्याची वर्षाची कमाई २ कोटी २० लाख डॉलर असल्याचे सांगितले, तेव्हा तो अवघा ७ वर्षांचा होता. २०१६ मध्ये आलेली ‘एल.ओ.एल. सरप्राइज’ ही बाहुली तर एकावर एक वेष्टने चढवूनच विकली जाते. तिथे उघडणे हाच खेळ झाला. शेवटचे वेष्टन निघाले की खेळ संपतो आणि पुढच्या बाहुलीची ओढ सुरू होते.

आता दिवाळीतला किल्ला आठवा. माती कालवायची, दगड रचायचे, वर गोणपाट पसरायचे, मोहरी किंवा अळीव पेरायचे आणि कोंब कधी फुटतात याची वाट पाहायची. इथेही उत्सुकता आहे, पण ती मुलाच्या हातांच्या कष्टांतून उगवते. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपल्या २४ गुरूंमध्ये बालकालाही स्थान दिले आहे, कारण त्याला मानापमानाची पर्वा नाही, घरादाराची चिंता नाही आणि ते आपल्यातच रमते. ज्याच्याकडून आपण समाधान शिकायचे, त्यालाच आपण असमाधानाची दीक्षा देत आहोत.

मुलाने खेळणे मागणे हे पाप नाही. मात्र ती इच्छा त्याची स्वतःची आहे की पडद्याने पेरलेली, हे ओळखायला त्याला मदत करणे हे आपले कर्तव्य आहे. मोबाईल हिसकावून घेतल्याने केवळ क्रोध वाढेल. त्याऐवजी एखादा व्हिडिओ त्याच्या शेजारी बसून पाहा आणि विचारा, “खोका उघडल्यावर तो मुलगा त्या खेळण्याशी किती वेळ खेळला?” नवे काही मागितले तर आठ दिवस थांबायला सांगा आणि आठव्या दिवशी आठवणीने विचारा. इच्छा टिकली असेल, तर दिलेला शब्द पाळा. तुम्ही शहरात, महाराष्ट्राबाहेर, छोट्या सदनिकेत राहत असाल, तरी एका परातीत मावेल एवढी माती मिळतेच.

आणि स्वतःकडेही पाहा. दारात पार्सल आले की आपला चेहरा कसा फुलतो आणि दोन दिवसांनी ती वस्तू कुठे पडलेली असते, हे मूल रोज पाहत असते. आपल्या घरातला पहिला पडदा आपणच आहोत. त्यावर संतोष दिसावा, एवढी सद्बुद्धी परमेश्वराने आपल्याला द्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.