दवाखान्यातील उमेदवारी

वैद्यकाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही तरुण डॉक्टराला स्वतंत्र व्यवसायाची सनद लागलीच मिळत नाही. त्याला वर्षभर उमेदवारी करावी लागते, आणि त्यातील काही काळ शहरातील भव्य रुग्णालय सोडून लहानशा ग्रामीण आरोग्य केंद्रात रुजू व्हावे लागते. या दंडकामागे दूरदृष्टी आहे. १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने, डॉक्टर हा समाजाचा वैद्य व्हावा म्हणून, प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या तीन महिन्यांच्या शिक्षणाची शिफारस केली होती.

मोठ्या रुग्णालयात रोग निदानाचे नाव धारण करून भेटतो. लहान दवाखान्यात ताप किती दिवसांचा असे विचारताच रुग्ण खोळंबलेली पेरणी, बुडालेली मजुरी आणि गढूळलेली विहीर यांची हकिकत सांगू लागतो. ती जो शांतचित्ताने ऐकतो, त्यालाच जुलाब कोठून आले आणि क्षयाचा औषधोपचार अर्ध्यावर का सुटला, याचा उलगडा होतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेवाटे देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे द्रावण नातेवाइकांच्या हाती सोपवले आणि पटकीने होणारे मृत्यू कितीतरी कमी केले. लोकांचे ऐकण्याइतकेच लोकांवर विश्वास ठेवणे हाही चिकित्सेचाच भाग आहे.

तेव्हा आपल्या गावच्या दवाखान्यात एखादा नवखा डॉक्टर बिचकत नाडी पाहताना दिसला, तर त्याच्या वयाला हसू नका. आपल्या दुखण्याचा खरा तपशील त्याला निःसंकोच सांगा, कारण त्याचे उरलेले शिक्षण आपल्याच हाती आहे.