दाराबाहेरची आई

बाळंतपणाची बातमी आमच्याकडे दोन प्रश्नांनी पुरी होते. पहिला, "काय झालं?" आणि मुलगा की मुलगी ते कळलं की लगेच दुसरा, "नॉर्मल का सिझर?" पोलादपूरच्या एसटी स्टँडवर असो, महाडच्या बाजारपेठेत असो, मुंबईहून आलेल्या फोनवर असो, क्रम हाच. नॉर्मल म्हटलं की समोरचं माणूस सुटकेचा श्वास टाकतं. सिझर म्हटलं की जरा थांबतं आणि म्हणतं, "असू दे, दोघं सुखरूप आहेत ना, मग झालं." आत, त्या टेबलावर, तिच्याजवळ कोण होतं, हे मात्र कोणी विचारत नाही. मला विचारायचं आहे ते हेच.

माझी आजी पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगरवाडीतली. आम्ही तिला बय म्हणायचो. तिची नऊ बाळंतपणं घरात झाली, चुलीमागच्या अंधाऱ्या खोलीत. सुईण वाडीतलीच. वेणा सुरू झाल्या की बय घरभर फिरायची, आढ्याला बांधलेला दोर धरून लोंबकळल्यासारखी उभी राहायची, शेवटच्या कळांना उकिडवी बसायची. मागून जाऊ कंबर दाबून धरायची, पुढ्यात सुईण. वार पडेपर्यंत सुईण नाळ कापत नसे. तेवढा सगळा वेळ बयच्या अंगाला कोणाचा ना कोणाचा हात लागलेला असायचा. हे सगळं तिनंच मला सांगितलं, भात सडता सडता.

आणि हेही तिनंच सांगितलं की नवांपैकी पाच जगली. दोन मुलं आठवड्याच्या आत आकडी येऊन गेली, कारण नाळ कापली होती गवताच्या विळ्यानं. एक आडवं होतं. एक जन्मलं तेच निळं. सातव्या बाळंतपणात वार अडकली आणि बयचं इतकं रक्त गेलं की घरातल्यांनी तोंडात गंगाजल घातलं होतं. पहिला चीक ओटीतल्या बाळाला न देता काढून टाकायचा, हीसुद्धा त्याच शहाण्या सुईणीची शिकवण.

म्हणून "आमच्या वेळी बाया शेतात बाळंत व्हायच्या आणि संध्याकाळी भाकऱ्या थापायच्या" असं कोणी सांगायला लागलं की मला राग येतो. थापल्या असतील काहींनी. ज्या थापू शकल्या नाहीत त्यांची गोष्ट सांगायला त्या राहिल्या नाहीत. कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं मूल दहा दिवसांत गेलं तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. ते दुःख घेऊन त्या अमेरिकेला पोचल्या, आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियात डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. आपली परंपरा टाकूनही द्यायची नाही आणि तिच्यावर डोळे मिटून भरवसाही ठेवायचा नाही, ती उलगडून बघायची, ही वाट त्यांनी तेव्हाच धरली होती. आपण मात्र पुढे बाळंतपण एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलं आणि उचलताना काय सांडलं ते पाहिलं नाही.

उचललं ते योग्यच केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू राज्यात ३३ होते, देशात ९७. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव धडधाकट बाईलाही दोन-तीन तासांत संपवू शकतो. बाळ बाहेर आल्याबरोबर दिलेलं ऑक्सिटोसिनचं एक इंजेक्शन तो धोका पुष्कळ कमी करतं. ते वाडीत नसतं, आरोग्य केंद्रात असतं. घरच्या बाळंतपणाची वकिली मी करणार नाही.

सांडली ती सोबत. आणि सांडलं ते उभं राहणं, फिरणं, उकिडवं बसणं.

माझं पहिलं बाळंतपण दवाखान्यात झालं. अकरा तास मी उताणी पडून होते. उठले की "झोपून राहा" असा दम. आई दाराबाहेर बाकड्यावर, हातात शिऱ्याचा डबा. मला तिचा खोकला ऐकू येत होता. एक कळ येऊन गेली की दुसरी येईपर्यंत मी दाराकडे बघत राहायचे. दुखणं आता विसरले आहे. दार विसरले नाही.

तेव्हा वाटलं होतं, मीच भित्री. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की भीतीचा आणि कळांचा शरीरात थेट संबंध असतो. बाई घाबरली की अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, आणि ते ज्या ऑक्सिटोसिनमुळे गर्भपिशवी आकुंचन पावते त्याच्या आड येतं. कळा मंदावतात, अंग ताठरतं, दुखणं वाढतं, दुखण्यानं पुन्हा भीती वाढते. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरनं हे चक्र १९३०च्या दशकात मांडलं आणि त्यातून युरोप-अमेरिकेत नैसर्गिक बाळंतपणाची चळवळ उभी राहिली. पुण्या-मुंबईत आज त्याचे वर्ग भरतात, मोठे चेंडू असतात, पाण्याचे हौद असतात, सगळ्याची फी असते. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर करावं. पण त्या वर्गांत जे शिकवतात त्यातला गाभा बयच्या जावेला ठाऊक होता. उताणं झोपलं की गर्भाचं वजन पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतं आणि बाळाकडचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. उभं राहिलं, चाललं की बाळाचं वजनच वाट उघडायला मदत करतं. उकिडवं बसलं की कटीचं खालचं तोंड थोडं रुंदावतं. कळांच्या पहिल्या टप्प्यात उभ्यानं, चालत राहिलेल्या बायकांचा तो टप्पा सरासरी सव्वा तासाहून अधिक लवकर आटपतो, असं निरनिराळ्या देशांतले प्रयोग एकत्र तपासल्यावर आढळलं आहे. सोबतीवरही असंच काम झालं आहे: १७ देश, २६ प्रयोग, पंधरा हजारांहून अधिक बाया. ज्यांच्याजवळ शेवटपर्यंत एक माणूस होतं त्यांचं बाळंतपण आपसूक होण्याचं प्रमाण जास्त, सिझरचं कमी, कळांचा काळ आखूड. या औषधाला पैसा लागत नाही आणि ते दाराबाहेर डबा घेऊन बसलेलं असतं.

सरकारला हे माहीत नाही असंही नाही. २०१६ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एका बाईला आत राहू देण्यास मान्यता दिली. अट साधी: तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिनं कामात लुडबुड करू नये, आणि शक्यतो ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. २०१७च्या अखेरीस आलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबत आहे, आडोसा आहे, बाईशी आदरानं वागणं आहे. २०१८ सालच्या शिफारशींत जागतिक आरोग्य संघटनेनं तर "दर तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडलंच पाहिजे" हा जुना हिशेब बाजूला ठेवला. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटरपर्यंत उघडेस्तोवर किती वेळ लागेल ते बाईगणिक वेगळं, तोवर आई आणि बाळ ठीक असतील तर घाई करू नका, सरसकट छेद देऊ नका, बाईला हवं तसं बसू द्या, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. आणि नाळ लगेच कापू नका, किमान एक मिनिट थांबा. सुईण थांबायची ती तिच्या कारणानं, पण थांबायची.

महाड तालुक्यातल्या माणसाला बंद दाराची एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. कोजागिरीच्या दिवशी रायगडावर दूध घालायला गेलेली हिरकणी. सूर्य मावळला, दरवाजे लागले, पहारेकऱ्यांना हुकूम होता, आणि तान्हं बाळ खाली घरी. ती कडा उतरून गेली. एसटी स्टँडांवरच्या हिरकणी कक्षांना तिचंच नाव आहे. या गोष्टीत पहारेकरी वाईट नव्हते. गड राखायचा तर दरवाजा लावायलाच हवा होता. प्रसूतिकक्षाच्या दारावरच्या सिस्टरही वाईट नसतात. एकाच खोलीत दोन-तीन टेबलं, मध्ये पडदा नाही, बाहेर एकेका बाईमागे आठ नातेवाईक, रात्री कामावर एकटी सिस्टर. दार लावल्याशिवाय तिला काम करता येत नाही. म्हणून मागणी सिस्टरांच्या विरोधात करायची नाही, त्यांच्या बाजूनं करायची: पडदे द्या, आणखी एक सिस्टर द्या, आणि आठांपैकी एकीला आत घ्या.

हे होऊ शकतं, कारण मी पाहिलं आहे. माझी भाची एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंत झाली. तिथल्या सिस्टरनं माझ्या बहिणीला हात धुवायला लावून आत घेतलं. पोरीला व्हरांड्यात फिरवलं, मध्ये मध्ये चहा आणि पेज दिली, कळ आली की भिंतीला हात लावून पुढे वाकायला सांगितलं. बहीण कंबर चोळत राहिली. दर अर्ध्या तासानं सिस्टर बाळाचे ठोके ऐकायची आणि कागदावर लिहायची. पहाटे मुलगी झाली. तिथे निसर्गाचं नाव कोणी घेतलं नाही, पण मला जर कोणी विचारलं की नैसर्गिक बाळंतपण कसं असतं, तर मी त्या व्हरांड्याचं वर्णन करीन. ते ठोके मोजणं त्यात धरून.

आता सिझरबद्दल. ते हार नाही. बाळ आडवं असेल, वार खाली असेल, बाळाचे ठोके मंदावत असतील तर सिझर हाच जीव वाचवणारा मार्ग, आणि ज्या बाईचं झालं तिला "नॉर्मल का नाही झालं?" असं विचारणं हा दुष्टपणा आहे. पण त्याच पाचव्या सर्वेक्षणात देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरची आहेत आणि सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. अवघड बाळंतपणं एवढ्या मोठ्या प्रमाणात खासगीकडेच जातात, यावर माझा विश्वास नाही. वेळ, सोय, कोर्टकचेरीची भीती, पैसा, घरच्यांची घाई आणि मुहूर्त, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. आमच्या डोंगरातलं दुःख मात्र बहुतेक वेळा उलटं असतं. ज्या बाईला सिझर खरंच हवं असतं तिला ते वेळेवर मिळत नाही. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि रक्त, तिन्ही एका वेळी एका छताखाली लागतात. एक नसलं की "पुढे घेऊन जा". पितळवाडीहून पोलादपूर, पोलादपूरहून महाड, महाडहून माणगाव, आणि तिथूनही पुढे अलिबाग नाहीतर मुंबई. महाडहून अलिबाग शंभर किलोमीटरच्या घरात. धनगरवाड्यावरच्या बाईचा प्रवास त्याआधी डोलीनं सुरू झालेला असतो.

यामुळे बाळंतपणाची तयारी या शब्दाला आमच्याकडे वेगळं वजन आहे. अंगाची तयारी आहेच. देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी आहे, तेव्हा लोहाच्या गोळ्या, नाचणी, पालेभाज्या, आणि दर महिन्याच्या ९ तारखेची सरकारी मोफत तपासणी न चुकवणं. पाट्यावर वाटताना, भात लावताना आमच्या आयांचं अंग उकिडवं बसायला आपोआप सरावलेलं असे. आता गॅस उभ्याचा आणि मिक्सर ओट्यावर, ते चांगलंच झालं, पण मग रोज थोडं उकिडवं बसणं, चालणं, कळेबरोबर श्वास लांब सोडायची सवय हे ठरवून करावं लागेल, डॉक्टरांना विचारून. आशाताईंनी सांगितलेली धोक्याची चिन्हं सासूला आणि नवऱ्यालाही पाठ हवीत: रक्त जाणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, अंगावर सूज, फिट, पाणमोट फुटूनही कळा न येणं, बाळाची हालचाल मंदावणं.

पण रस्त्याची तयारी कोणत्याच वर्गात शिकवत नाहीत. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ला तळिये गाडलं गेलं, त्याच पावसानं महाड पाण्याखाली गेलं, पोलादपूरच्या डोंगरांतही दरडी कोसळल्या. अशा रात्री १०२ किंवा १०८ला फोन लागला तरी गाडी येणार कुठून? राज्याच्या आदिवासी भागात दिवस भरत आलेल्या बाईला आरोग्य केंद्राजवळच राहता यावं म्हणून 'माहेरघर' आहे. महाड-पोलादपूरच्या प्रत्येक दुर्गम गावातल्या बाईला पावसाळ्यात तसं माहेरघर मिळालं पाहिजे. दोन खोल्या, एक चूल, आणि सोबत आलेल्या बाईची बुडालेली मजुरी. याहून फार काही लागत नाही.

तोवर घरातल्यांनी करायचा हिशेब हा असा. दिवाळीचं उदाहरण घ्या. मुंबईची माणसं गावी येतात. तेव्हा ज्यांना दिवस जातील त्यांची तारीख जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत येईल. वरच्या तिन्ही तारखा पुन्हा एकदा वाचा. सातव्या महिन्यात तिची ओटी भराल तेव्हा एप्रिल-मे असेल, रस्ते कोरडे असतील. हिरवी साडी, फुलांची वाडी सगळं करा, आणि त्याच दिवशी तिला विचारून तीन गोष्टी कागदावर लिहा: रात्री-अपरात्री निघेल अशा गाडीवाल्याचा नंबर, शेवटचे पंधरा दिवस ती दवाखान्याजवळ ज्यांच्याकडे राहील ते घर, आणि कळा सुरू झाल्यावर जी तिच्याबरोबर आत जाईल त्या बाईचं नाव.