मूळ कुणाकडे?

गवती चहाचा एक ठोंब लावला की दोन-तीन वर्षांत त्याचा दाट झुपका होतो. नवे फुटवे कडेकडेनं येत राहतात आणि मधला भाग जून होऊन सुकायला लागतो. मग पावसाळ्याच्या तोंडाशी अख्खा झुपका उपटायचा, फोडायचा आणि मुळं असलेले ठोंब वेगवेगळे लावायचे. यात बी कुठेच नाही. म्हणजे शेजाऱ्यांच्या कुंडीत गेलं ते आपल्या झाडाचं पिल्लू नाही, तेच झाड आहे. आपल्याकडे राहिलं तेही तेच. मग खरं कोणतं?

ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ साली 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात हाच प्रश्न माणसाबद्दल विचारला. समजा, एकाच मेंदूचे दोन अर्धे भाग दोन शरीरांत बसवले आणि दोघंही त्याच आठवणी घेऊन जागे झाले, तर त्यातला 'तो' कोण? पारफिट म्हणतात, 'तोच कोण' याला महत्त्व नाही. काय पुढे चालू राहिलं, याला आहे.

ऐकायला हे साय-फाय वाटतं. पण घराच्या वाटणीत आपण यावरच भांडतो. गावात राहिलेला भाऊ म्हणतो, मूळ घर आमचं. शहरात गेलेला म्हणतो, मला तर उपटलंच. एकाला मूळपणाचा मान हवा असतो, दुसऱ्याला जखमेचा.

झुपका फोडताना मात्र मुळं सगळ्यांचीच तुटतात. म्हणून लावण्याआधी पानं वरून छाटतात, कारण उरलेल्या मुळांना तेवढ्या पानांची तहान भागवता येत नाही. जुन्या जागी परत लावलेला ठोंबही यातून सुटत नाही. त्यालाही खत लागतं, पाणी लागतं.

एका ठिकाणी ही तुलना मोडते. झुपक्याचा सुकलेला गाभा आपण टाकून देतो. घराचा गाभा म्हणजे आईवडील. आणि तिथेच 'मूळ कोण' हा प्रश्न गेलेल्याच्या फार सोयीचा ठरतो: घर ज्याचं, म्हातारे त्याचे.

मराठीत मूळ म्हणजे उगम आणि मूळ म्हणजे जमिनीतलं मूळही. पहिलं एकाकडेच असू शकतं, म्हणून त्यावरून भांडण होतं. दुसरं प्रत्येक ठोंबाकडे असावंच लागतं. दूर लावलेला ठोंब तेच झाड असेल, तर हक्कासारखी जबाबदारीही त्याच्यासोबत गेलेली असते.