दगडाचे देणे

जयपूरला बदली होऊन आलेल्या माणसाची दगडाशी ओळख आपोआपच होते. मकराण्याचा संगमरवर ताजमहालाला लागला आणि कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया स्मारकालाही. कोट्याची लादी तर पुण्या-मुंबईच्या जिन्यांवर आपण लहानपणापासून तुडवीत आलो आहोत. आज बुंदी, करौली, धोलपूर या भागांतला वालुकाश्म गुजरातच्या बंदरांतून परदेशी जातो. इंग्लंडातील घरांमागच्या बागांत आणि बेल्जममधील रस्त्यांवर तो अंथरला जातो. या व्यापारावर हजारो कुटुंबे जगतात. तेव्हा त्याला नावे ठेवणे सोपे असले, तरी न्याय्य नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या अंगणातील फरशी बसविण्यासाठी करौलीकडचा एक कारागीर आला होता. प्रत्येक लादी कापण्यापूर्वी तो तीवर पाणी ओतीत असे. कारण विचारले तेव्हा म्हणाला, ‘‘साहेब, धूळ बसते.’’ त्याचा थोरला भाऊ खाणीत होता. कित्येक वर्षे क्षयाची औषधे घेऊन तो वारला. रोग सिलिकोसिसचा होता, हे फार उशिरा कळले. तो कोणत्या खाणीत किती वर्षे होता, याचा एकही कागद घरात नव्हता. खाणीवर हजेरीपटच नव्हता.

हे ऐकून मी अस्वस्थ झालो. कारण त्याच खाणीतून निघालेल्या दगडाबरोबर मात्र सगळे कागद असतात: वजन, प्रत, किंमत, जकात, जहाजाचे नाव. दगडाची इतकी नोंद आणि तो फोडणाऱ्याची काहीच नाही!

आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात मुक्त सिलिका फारशी नसते. वालुकाश्म मात्र बहुतांशी तिचाच बनलेला असतो. कोरड्या छिद्रणाने उडालेली तिची सूक्ष्म धूळ फुप्फुसात रुतून बसते आणि रोग बहुधा दहा-पंधरा वर्षांनी प्रकट होतो. त्यावर रामबाण औषध नाही. दगड काही महिन्यांत परदेशी पोहोचतो, पैसेही चुकते होतात; धुळीचा हिशेब मात्र पंधरा वर्षांनी पुढे येतो.

आणि येथेच हा प्रश्न आपल्यासारख्यांच्या दारात येतो. आपली नेमणूक तीन वर्षांची असते, रोगाची मुदत पंधरा वर्षांची. त्यामुळे कोणाच्याही कारकिर्दीत काही वाईट घडले, असे कधी दिसतच नाही. खाणवाला म्हणतो, ठेकेदाराला विचारा. परदेशी ग्राहक म्हणतो, मी केवळ दगड घेतला. आणि आपण म्हणतो, कागद नियमानुसार होते. यातील कोणीही खोटे बोलत नाही. परंतु सगळ्यांची खरी विधाने एकत्र केली, तरी त्यांतून एका माणसाच्या मरणाचा जबाब निघत नाही.

२०१९ साली राजस्थान सरकारने या रोगासाठी स्वतंत्र धोरण आखले. निदान झाल्यावर तीन लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबास दोन लाख रुपये, अशी त्यात तरतूद केली. ही गोष्ट मोलाची आहे. परंतु भरपाई हे हानीनंतरचे कर्तव्य. हानी टाळणे हे त्याआधीचे.

आपल्याकडे तीन ऋणांची कल्पना सर्वपरिचित आहे. शतपथ ब्राह्मणात मात्र देव, ऋषी आणि पितर यांच्या जोडीला मनुष्यांचे चौथे ऋणही सांगितले आहे. ते कसे विस्मरणात गेले, कोण जाणे! पहिल्या तिहींची फेड विधींनी होऊ शकते. चौथ्याचा धनी मात्र समोर जिवंत उभा असतो, आणि कधी कधी त्याला नीट श्वासही घेता येत नाही.

म्हणून निर्यात थांबवावी, असे मी म्हणणार नाही. ती थांबली तर पहिला उपवास खाणीतल्या मजुरालाच घडेल. परंतु ज्याच्या हाती थोडाबहुत अधिकार आहे, त्याने आपल्या तीन वर्षांत दोन प्रश्न अवश्य विचारावेत: छिद्रणाच्या वेळी पाणी सोडतात काय? आणि हजेरीपट कोठे आहे? उत्तर नकारार्थी आले, तर ते फाइलवर लिहून ठेवावे, म्हणजे मागून येणाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही.

भावाच्या मरणातून जे कारागीर शिकला, ते आपण निदान त्याच्याकडे पाहून शिकावे.