चौसष्ट पलटे

धनजच्या भजनी मंडळात तबला वाजवणारे एक भाऊ आहेत. दिवसा शेत, संध्याकाळी हरिपाठ. मी फोनवर काही तरी टाइप करतो आणि त्यातून ठेका वाजतो, हे त्यांनी एकदा पाहिलं आणि विचारलं, "लिहून वाजवतात म्हणजे काय करतात?" मी ध्वनिलहरी, सेकंदाला हजारो आकडे असं काहीबाही सांगत बसलो. त्यातलं काही खोटं नव्हतं, पण ते उत्तरही नव्हतं. खरं उत्तर त्यांच्याच हातात होतं, हे मला घरी आल्यावर सुचलं.

भाऊ पोरांना तबला शिकवतात तो दिल्लीच्या कायद्यापासून. भजनात कायदा वाजत नाही, ठेका वाजतो. पण हात तयार होतो तो कायद्यावर. धाधा तिट धाधा तीना, ताता तिट धाधा धीना. ही सोळा अक्षरं आधी तोंडात बसवायची, मग बोटांत. 'कायदा' हा शब्दही कचेरीतलाच आहे, अरबीतून आलेला, अर्थ नियम. म्हणजे ही रचना नुसती वाजवायची ओळ नाही, पुढे काय वाजवता येईल याची ती सनद आहे. पलटे, म्हणजे कायद्याच्या नव्या मांडण्या, करायच्या त्या याच बोलांतून, बाहेरचा बोल आणायचा नाही. शेवट ठरलेला. दुसऱ्या अर्ध्यात खाली दाखवायची, म्हणजे डग्ग्याची गुंज काढून घ्यायची, 'धा'चा 'ता' करायचा आणि शेवटाकडे पुन्हा भरीवर यायचं.

आता हेच यंत्राला सांगायचं तर? दुप्पट लांबीचा पलटा घेऊ. भरीच्या, म्हणजे पहिल्या, अर्ध्यात सोळा अक्षरं, त्यांतली शेवटची चार 'धाधा तीना' कायम. उरलेल्या बारांत 'धाधा' आणि 'तिट' या दोन जोड्या हव्या तशा मांडायच्या. जागा सहा, प्रत्येक जागी दोनपैकी एक, म्हणजे एकूण ६४ पलटे. खालीचा अर्धा निराळा लिहायलाच नको. 'धा'च्या जागी 'ता' कुठपर्यंत घ्यायचा आणि शेवटच्या 'तीना'चा 'धीना' करायचा, एवढं सांगितलं की झालं. चार ओळींचा प्रोग्रॅम होतो. प्रोग्रॅम लिहून संगीत करणं म्हणजे मुळात एवढंच: वाजवायचा आवाज लिहायचा नाही, आवाज कोणत्या नियमाने यावा तो नियम लिहायचा.

आवाज घडवणारी साधनं अर्थात वेगळी आणि जुनी आहेत. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये 'म्युझिक' नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि आयबीएमच्या संगणकातून सतरा सेकंदांची एक रचना निघाली. पुढे त्याच कुळात १९८६ चं सीसाउंड आलं, १९९६ चं सुपरकोलायडर आलं. कंप किती, नादाची आस कशी विरावी, हे सगळं त्यांत आकड्यांनी सांगता येतं. मला त्यात फार गोडी नाही. तबल्याची आस आकड्यांतून उभी करण्यापेक्षा खऱ्या तबल्याचा मुद्रित फटका घ्यावा, असं माझं आळशी मत आहे. मला ओढ आहे ती दुसऱ्या, नियम लिहिणाऱ्या घराण्याची, आणि त्या घराण्याची एक मोठी वाट तबल्यातून निघाली आहे.

जेम्स किपेन हे संगीताचे अभ्यासक लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. १९८० च्या दशकात त्यांनी आणि बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने मिळून 'बोल प्रोसेसर' तयार केला. वर्ड प्रोसेसरवर शब्द लिहितात, तसे यावर बोल. आधी तो बोल टिपण्यापुरताच होता. मग त्यात व्याकरण आलं. कायद्याचे नियम वाक्यरचनेच्या नियमांसारखे मांडायचे, त्यावरून यंत्राने नवे पलटे काढायचे आणि ते उस्तादांपुढे ठेवायचे. उस्ताद म्हणणार, हा चालेल, हा नाही. नाही म्हटलं की नियम दुरुस्त करायचा. उलटीकडूनही चालायचं: उस्तादांनी वाजवलेला पलटा यंत्राला द्यायचा आणि लिहिलेल्या नियमांत तो बसतो का, ते बघायचं. बसला नाही तर चूक नियमाची, उस्तादांची नव्हे.

मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. यंत्राने चांगला पलटा काढला तर कौतुक होतं, पण शिकायला काही मिळत नाही. त्याने वाईट काढला की कळतं, आपण एक नियम लिहायचाच विसरलो. उस्ताद तो जन्मभर पाळत आले आणि कधी बोलले नाहीत, कारण बोलायची वेळच आली नव्हती. शहाणा विद्यार्थी ती चूक करत नाही. ती करायला यंत्रासारखा निर्बुद्ध आज्ञाधारक लागतो.

हेच बर्नार्ड बेल पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याच्या कामात आले आणि एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहाची संगणकीय मांडणी त्यांनी केली. तबल्याचा कायदा आणि जात्यावरची ओवी एकाच माणसाच्या वाट्याला यावी, याचं मला आश्चर्य वाटत नाही. जात्याची फेरी ठरलेली, चाल ठरलेली, आणि त्या चौकटीत बाई रोज पहाटे नवी ओवी घालते. तिलाही कोणी नियम लिहून दिलेला नसतो.

बोल प्रोसेसरची खूण आज फोनवरही सापडते. इंग्लंडच्या अ‍ॅलेक्स मॅक्लीन यांनी टायडलसायकल्स ही भाषा केली, तेव्हा बोल मांडायची तिची छोटी लिपी त्यांनी बेल यांच्या लिपीवरून घेतली. २०२२ पासून तिचंच 'स्ट्रुडेल' हे रूप ब्राउझरमध्ये चालतं. काही उतरवून घ्यावं लागत नाही. या लिपीत मोकळी जागा सोडून बोल लिहायचे, ते सगळे मिळून एका आवर्तनात समान वाटले जातात. दोन बोल चौकोनी कंसात टाकले की ते एका मात्रेत बसतात. त्या कंसापुढे फुली मारून दोनाचा आकडा घातला की तेवढा तुकडा दुगुनीत जातो. इतर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये काळ डावीकडून उजवीकडे सरळ धावतो, टेपसारखा. इथे तो फिरतो आणि फिरून समेवर येतो. केरव्याचा ठेका लिहिताना मला काही शिकावंच लागलं नाही: आठ बोल, एक आवर्तन. परदेशी पोरं याला नवी दृष्टी म्हणतात तेव्हा जरा गंमत वाटते.

ही भाषा वापरणारी मंडळी जाहीर कार्यक्रमात वाजवतात, तेव्हा आपला पडदा प्रेक्षकांना दाखवतात. लिहिलेला नियम आधी दिसतो, बदलतो आणि मग ऐकू येतो. आपल्याकडे कथकात आणि तबल्यात पढंत करतात, आधी म्हणून दाखवतात, मग वाजवतात, ती रीत याच जातीची.

तर मी भाऊंचे चौसष्ट पलटे काढले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी कान झाकले, कारण एकात सलग चौदा 'धा' होते. नियमाने चूक नव्हतीच. मी नवा नियम घातला: शेवटचा ठरलेला धरून 'धाधा' लागोपाठ दोनदाच, तिसऱ्यांदा नाही. ३७ उरले. मग म्हणाले, "सुरुवात 'धा'नंच होते ना?" ते मी लिहिलंच नव्हतं. १७ उरले. त्यातले तीन 'तिट'च्या गर्दीचे होते, सलग चार-पाच 'तिट', तेही गेले.

उरलेल्या चौदांत दोन असे होते. धाधा धाधा तिट तिट धाधा तिट, आणि धाधा तिट धाधा धाधा तिट तिट. पुढे दोन्हींना 'धाधा तीना'. जोड्या त्याच, संख्या तीच. पहिला त्यांनी घेतला. दुसऱ्यावर मान हलवली. "हे नाही बसत."

"का?" मी विचारलं.

त्यांनी मांडीवर हात ठेवून दोन्ही म्हणून पाहिले, हळू, मग बराबर लयीत. "आधी थे पहिलं म्हण, मंग हे म्हण," एवढंच बोलले आणि टाळकरी आले म्हणून उठले.

म्हणतोय अजून. दुसरा न बसण्याचं कारण लिहिता आलेलं नाही, म्हणून तो मी पुसलेला नाही. त्या ओळीच्या आधी दोन तिरप्या रेघा टाकून ठेवल्या आहेत. तशी ओळ यंत्र वाचत नाही.