पतंगाला न सुचणारा दुसरा प्रश्न

मोझेलच्या काठच्या द्राक्षमळ्यांतून उन्हाळ्यात फिरलात तर तारांना ठरावीक अंतरावर अडकवलेल्या छोट्या तपकिरी कुप्या दिसतील. त्यांत विष नसते. द्राक्षावरच्या पतंगाची मादी जो गंध सोडते, तोच कारखान्यात बनवून त्यांत भरलेला असतो. मळाभर तो पसरला की नराला खरी मादी कुठे आहे हे कळेनासे होते. मीलन होत नाही, आणि पुढची अळी द्राक्षात शिरत नाही. जर्मन शेतकरी याला सरळ ‘गोंधळाची पद्धत’ म्हणतात.

मी कीटकांच्या गंधावर संशोधन करते, त्यामुळे या पद्धतीचे कौतुक माझ्या कानावर नेहमी येते. न मारता कीड आटोक्यात, यापेक्षा चांगले काय? कौतुक योग्यच आहे. पण एक प्रश्न उरतो. एखाद्या जिवाची जोडीदार ओळखण्याची खूणच आपण त्याच्यावर उलटवतो. ही फसवणूक विषापेक्षा खरोखर बरी का?

आधी ती ओळख कशी असते ते पाहू. आडोल्फ बुटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रेशीमपतंगाच्या मादीच्या गंधाचा सुमारे वीस वर्षे पाठपुरावा केला. त्यासाठी पाच लाख माद्यांच्या गंधग्रंथी लागल्या आणि हाती आले ते काही मिलिग्रॅम द्रव्य. १९५९ मध्ये त्याची रचना जाहीर झाली. तेच ‘बॉम्बिकॉल’, रासायनिक ओळख पटलेला पहिला कामगंध. या द्रव्यात बुडवलेला कागदाचा तुकडा ठेवला की नर पंख फडफडवत त्याच्याकडे धावतो. शेजारीच काचेच्या बंद भांड्याखाली खरी मादी असली, तरी तो तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणजे नर मादीला ओळखत नाही, तिच्या खुणेला ओळखतो. खूण किती बारीक असू शकते, याचे उदाहरण युरोपातल्या मक्यावरच्या खोडकिडीत सापडते. तिच्या दोन वंशांच्या माद्या तीच दोन द्रव्ये सोडतात, फक्त त्यांचे प्रमाण उलटे असते. तेवढ्या फरकावर ‘आपली’ आणि ‘परकी’ ठरते.

या बारकाव्यामुळेच कुपीतला गंध एकाच जातीला लागू पडतो. मधमाशीला, कोळ्याला, मळ्यात काम करणाऱ्या माणसाला त्याने काही होत नाही. विषाचे तसे नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. विष कोणाच्या श्वासात जायचे ते निवडत नाही. त्याच कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावायला सांगतात. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ नर सापडले तरच फवारणीचा विचार करायचा. एक फवारणी वाचली, तर पंप पाठीवर घेणाऱ्याचा एक धोका टळतो. म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे : हो, ही फसवणूक विषापेक्षा बरी.

पण मग फसवणूक एरवी वाईट का? इमॅन्युएल कांटने १७९७ च्या एका छोट्या निबंधात इथपर्यंत म्हटले की मित्राचा जीव वाचवण्यासाठीही खोटे बोलण्याचा हक्क नाही. इतके टोक मला पटत नाही. तरी त्यामागचा एक विचार पटतो : खोटे बोलणारा समोरच्याची विचार करून ठरवण्याची शक्तीच हिरावून घेतो. पतंगाकडे ती शक्ती नाही. ‘गंध तर आला, पण ती खरेच इथे आहे का?’ हा दुसरा प्रश्न त्याला सुचतच नाही. त्याचे आपण नुकसान करतो, त्याची वीण थांबवतो, हे मान्य केले पाहिजे. पण विश्वासघात करत नाही, कारण तिथे विश्वास नाही, फक्त प्रतिसाद आहे.

हा दुसरा प्रश्न आपल्याला सुचतो. निदान सुचायला हवा. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने इथे येण्याआधीच खोलीची अनामत रक्कम एकाला पाठवली. खोली अस्तित्वातच नव्हती. चौकशी का केली नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, “ताई, इतकं छान मराठी बोलत होता हो!” परदेशात ट्राममध्ये मागून मराठी शब्द ऐकू आला की आपण सगळेच वळून पाहतो. त्यात काही गैर नाही. खुणेशिवाय ओळखीची सुरुवातच होत नाही.

खूण दारे बंदही करते. अडखळत मराठी बोलणाऱ्या इथल्या मुलांना ‘हा काही आपल्यातला वाटत नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. आणि जिथे एका देशाने खुणेलाच कायदा केले, तिथे काय झाले हे जर्मनीत राहून विसरता येत नाही. बुटेनांट १९३६ मध्ये बर्लिनच्या ज्या संस्थेचे प्रमुख झाले, तिचे आधीचे प्रमुख कार्ल नॉयबर्ग यांना ज्यू म्हणून पद सोडावे लागले होते. नॉयबर्ग यांचे जीवरसायनशास्त्रातले काम जगाला माहीत होते. त्यांच्याबद्दल विचारण्यासारखे शंभर प्रश्न होते, पण राज्यकर्त्यांना एकच खूण पुरली. त्याच वर्षी बुटेनांट नाझी पक्षाचे सभासद झाले.

पतंग एका खुणेवर थांबतो तो त्याचा दोष नाही, त्याची घडणच तशी आहे. माणूस थांबतो तेव्हा तो निवड करत असतो, मग ती भाबडेपणाने असो वा द्वेषाने. भाषा, आडनाव, गाव यांवरून ओळख सुरू व्हायला हरकत नाही. पण ‘तू कुठला?’ याच्या पुढे ‘तू कसा आहेस?’ हेही विचारायचे असते, आणि उत्तर ऐकायला थोडा वेळ थांबायचे असते.